एकोणीस घरांचा अमीर

जोयड्याच्या बसस्टँडमागं, कचेरीच्या उताराला, पत्र्याच्या शेडमध्ये मकतुमसाब नदाफ गाद्या भरतो. वय अठ्ठावन्न. दाढी पांढरी आहे, पण तिच्यात केस किती आणि कापूस किती, हे त्याच्या बायकोलाही जुम्म्याच्या अंघोळीनंतरच कळतं. बाप धनुकलीवर कापूस पिंजायचा. हा मशीनवर पिंजतो, आणि मशीन चालू असलं की गातो, कारण तेव्हा त्याचं गाणं कुणाला ऐकू जात नाही. आनंद व्हायला त्याला फारसं कारण लागत नाही. बाजारकुणंगच्या वळणावर बस बंद पडली की बाकीचे प्रवासी ड्रायव्हरवर खेकसतात. हा खाली उतरून करवंदं शोधायला लागतो. हुसेनबी, त्याची बायको, म्हणते की ह्या माणसाला दुःख द्यायचं तर आधी त्याला बसवून नीट समजावून सांगावं लागतं.

असा हा माणूस, आणि ह्याच्या डोक्यात जगातल्या सगळ्या मुसलमानांना एक करायचं शिरलं.

शिरलं ते असं. गेल्या थंडीत बेळगावच्या एका मंडपवाल्यानं त्याला साठ लोड-तक्के भरायचं काम दिलं. तीन दिवसांची मोठी परिषद होती, दूरदूरचे विद्वान येणार होते, आणि विषय होता आजच्या जगात मुसलमानांची राजकीय एकी आणि इस्लामी राज्यकारभार. मकतुमसाबला विषयाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं जोयड्याच्या रानातला सावरीचा कापूस दाबून दाबून भरला आणि टेम्पोतून माल पोचवला. पण पहिल्याच सकाळी एक जाडजूड पाहुणे लोडाला टेकले, शिवण टर्रकन उसवली आणि स्टेजभर कापूस उडाला. मंडपवाल्यानं मकतुमसाबला घरी जाऊच दिलं नाही. सुईदोरा घेऊन पडद्यामागं बस म्हणाला, तिन्ही दिवस.

अशा रीतीनं जोयड्याचा गादीवाला विद्वानांच्या पाठीमागं दीड हातावर बसून सगळं ऐकू लागला. एक मौलाना म्हणाले, सगळ्यांचा मिळून एक अमीर, म्हणजे प्रमुख, हवा. पूर्वी होता, तेव्हा जगाच्या एका टोकाच्या विधवेचं गाऱ्हाणं दुसऱ्या टोकाला ऐकलं जायचं. त्यावर चष्मा लावलेले एक प्रोफेसर उठले. ते म्हणाले, पूर्वीचं इतकं सोपं नव्हतं, एकेका वेळी तीन तीन खलिफा तीन गाद्यांवर बसले होते. आणि आज तर पन्नासाच्या वर देश आहेत, प्रत्येकाचा झेंडा वेगळा, नाणं वेगळं, भांडणं मात्र एकसारखी. तीन गाद्या हे शब्द ऐकून मकतुमसाबनं कान टवकारले, पण त्या भरल्या कुणी होत्या ते प्रोफेसरांनी सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी हुबळीचे एक म्हातारे वकील बोलले. त्यांचं म्हणणं होतं की गादीवर कोण बसणार ही नंतरची गोष्ट. आधी हे सांगा, बसणाऱ्याला जाब कोण विचारणार, आणि तो कुणाला विचारून ठरवणार. आपल्या देशात मत आहे, घटना आहे, राज्य त्यानुसार चालतं आणि चालावं. पण आपापसांत मशविरा करा, म्हणजे विचारून ठरवा, न्यायानं वागा, दिलेला शब्द पाळा, ह्याला कुठल्या सरकारनं आडकाठी केली आहे? तेवढंही आपल्याला एका मोहल्ल्यात जमत नाही.

तेव्हा मकतुमसाबचं भान सुटलं. त्यानं पडदा बाजूला केला, दाढीसकट डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "साहेब, आमच्या जोयड्यात एकोणीस घरं हायत आन दोन ईदी व्हतात. एकी करायची तर सुरवात कुटनं करू?"

अख्खं सभागृह हसलं. कापसानं माखलेलं डोकं पडद्यातून असं एकाएकी आलं तर माणसं हसणारच. वकील तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "तिथूनच करा. आम्ही पन्नास देशांवर बोलतोय. तुम्ही एकोणीस घरं करून दाखवा."

ह्या एका वाक्यावर मकतुमसाब बेळगावहून रामनगरपर्यंत उभ्यानं आणि रामनगरहून जोयड्यापर्यंत बसून, पण जवळजवळ तरंगतच आला.

आता दोन ईदींचं सांगायला हवं. जोयडा धड किनाऱ्यावर नाही, धड घाटावर नाही. इथल्या एकोणीस मुसलमान घरांतली निम्मी कारवारकडून आलेली, निम्मी धारवाडकडून. किनाऱ्याला चांद एका दिवशी दिसायचा, घाटावर कधी कधी दुसऱ्या. सात वर्षांपूर्वी सत्तारभाई मासळीवाल्यानं किनाऱ्याहून फोन आला म्हणून ईद जाहीर केली, आणि काशीमसाब शिंप्यानं मशिदीच्या पायरीवर उभं राहून सांगितलं की फोन म्हणजे चांद नव्हे. तेव्हापासून दोघं बोलेनासे झाले. एक मशीद, पण पहिल्या दिवशी निम्मे लोक ईदची नमाज पढायचे आणि उरलेल्यांचा रोजा असायचा. बिर्याणीचा वास काही रोजेदाराचं घर टाळून जात नाही. काशीमसाबची मुलगी दिलेली होती सत्तारभाईच्या पुतण्याला. ती बिचारी बापाच्या बाजूनं रोजा धरायची आणि नाकाला पदर लावून सासरी सगळ्यांना वाढायची. काशीमसाबच्या घरी मासळी बंद झाली. सत्तारभाई कपडे शिवायला दांडेलीला जाऊ लागला. दोघंही आपापल्या जागी फार दुःखी होते, कारण जोयड्यात मासळी एकाच ठिकाणी ताजी मिळते आणि कुडता एकाच ठिकाणी नीट शिवला जातो.

फक्त नंदिगड्डेचा जीपवाला वासू खूश होता. दोन्ही दिवस त्याला शीरखुर्मा मिळायचा. मकतुमसाबनं एकीचा बेत पहिल्यांदा त्यालाच सांगितला, तर तो तोंड बारीक करून म्हणाला की मकतुममामा, तुमी एक झालासा की आमचा एक दिस गेला.

घरी हुसेनबीनं सगळं ऐकून घेतलं. काशीमसाब तिचा थोरला भाऊ, त्याचा स्वभाव तिला ठाऊक. तिनं विचारलं की जगातले पन्नास देश आधी घेणार की माझ्या भावापासून सुरुवात करणार. मकतुमसाब म्हणाला, तुझ्या भावापासून. त्यावर ती म्हणाली की मग पन्नास देश सोपे पडले असते. पण दुसऱ्या दिवशी तीच त्याच्याबरोबर घरोघर निघाली. शेवया बायका करतात, ईदचं रांधणं बायका करतात, तर ईद कधी हे बायकांना विचारायला नको का, असं तिचं म्हणणं होतं. ते ऐकल्यावर मकतुमसाबला वकीलसाहेब आठवले आणि पुन्हा आनंद झाला.

एकोणीस घरं फिरायला आठ दिवस लागले. कुणी चहा पाजला, कुणी मत दिलं नाही पण फणसाचे गरे दिले. हळूहळू एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. कुणालाच दोन ईदी नको होत्या. पण सत्तारभाईचं म्हणणं, काशीमसाबच्या हाताखाली आम्ही जाणार नाही. काशीमसाबचं म्हणणं, मासळीवाल्यानं आम्हाला चांद शिकवू नये. जगाचं काय अडलंय ते त्याला एकदम समजल्यासारखं झालं. पुढं तो ही गोष्ट सांगायचा तेव्हा म्हणायचा की प्रोफेसरांना तीन दिवस लागले, मला आठ लागले, पण मला वाटेत चहा मिळाला.

रमजान लागायच्या आधीच्या रविवारी सगळे त्याच्या शेडमध्ये जमले. पुरुष एका बाजूला कापसाच्या गाठींवर, बायका दुसऱ्या बाजूला नव्या गाद्यांच्या थप्पीवर. पंखा लावला तर कापूस उडायचा, बंद केला तर जीव घुसमटायचा. शेवटी लावला, आणि सगळी सभा दहा मिनिटांत म्हाताऱ्यांची झाली. मशिदीचे हाफिजसाहेब मध्ये बसले होते. शांत माणूस, भांडणात कधी पडत नसत. त्यांनी एवढंच सांगितलं की ईद ही एकट्यानं करायची गोष्ट नाही, सगळ्यांनी मिळून ज्या दिवशी केली तीच ईद. कुणा एकावर सोपवा आणि मग त्याचं ऐका.

कुणावर, ह्या प्रश्नाशी सभा पुन्हा अडली. किनाऱ्याचा नको, धारवाडचा नको. तेव्हा झुलेखाक्का उठली. ही ग्रामपंचायतीची मेंबर, दोनदा निवडून आलेली, कानडीत तहसीलदाराशी आणि मराठीत कंत्राटदाराशी सारखीच भांडणारी. तिनं मकतुमसाबकडं बोट केलं. हा किनाऱ्याचाही नाही आणि धारवाडच्या मोठ्या घरातलाही नाही, म्हणाली, पिंजारी आहे.

पिंजारी हा शब्द तिथल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी हलक्या आवाजात वापरला होता. लग्नं जुळवताना एकोणीस घरांत मकतुमसाबचं घर नेहमी शेवटी मोजलं जायचं. पोरींची लग्नं करताना हुसेनबीला त्यापायी दोन वर्षं वणवण करावी लागली होती; तिच्या माहेरानंही पिंजाऱ्याला मुलगी दिली म्हणून काही कमी ऐकलं नव्हतं. आणि आता तीच गोष्ट अशी उलटी होऊन उपयोगाला आली. सत्तारभाईनं मान डोलावली. काशीमसाबनंही डोलावली. दोघांनी एकाच वेळी डोलावली हे बघून दोघंही थोडे दचकले.

मग मतं घेतली. बायकांचीही. मकतुमसाब अमीर झाला.

झुलेखाक्कानं तिथंच अटी घातल्या आणि शाळेच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. अमीर फक्त चांदापुरता. कायद्याचं राज्य पंचायतीत आणि कोर्टात आहे, त्यात ह्यानं नाक खुपसायचं नाही. मुदत एक वर्ष. विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, आणि ठरवल्यावर कुणी मोडायचं नाही. जाब कुणीही विचारायचा. मकतुमसाबला ह्यातली प्रत्येक अट इतकी आवडली की प्रत्येकाखाली त्यानं वेगळी सही केली.

घरी जाताना हुसेनबी म्हणाली, "अमीरसाहेब, पानी भरायचं हाय."

"विचारल्याबिगर हुकूम सोडायचा न्हाई, असं ठरलंय," तो म्हणाला, आणि हसत हसत घागर उचलली.

रमजान सुखात गेला. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी चांद बघायचा होता. जोयड्यात मावळतीला नुसतं रान, झाडांच्या शेंड्यांमुळं आभाळाचा खालचा भाग दिसतच नाही. म्हणून अमीरानं ठरवलं, सगळ्यांना विचारून, की नंदिगड्डेच्या वरच्या अंगाला जो कातळाचा उघडा सडा आहे तिथं जायचं. वासूची जीप आणि एक टेम्पो. जीपमध्ये जागा कमी, तेव्हा सत्तारभाई आणि काशीमसाब गुडघ्याला गुडघा लावून बसले, एक डाव्या खिडकीतून बघत, दुसरा उजव्या. वासूनं मुद्दाम सगळे खड्डे घेतले, असं मागाहून पुष्कळ लोक म्हणाले.

सड्यावर पोचले आणि घोटाळा झाला. खाली जंगलात रेंज नसते, वर सड्यावर भरपूर. सगळ्यांचे फोन एकदम जागे झाले आणि टणटण वाजायला लागले. सूर्य अजून मावळायचा होता आणि इकडं दोन बाजूंचे नातेवाईक काय म्हणतात ह्यावरून कुजबूज चालू झाली. मकतुमसाबनं जीपमधलं कापसाचं रिकामं पोतं आणलं आणि आपला पहिला हुकूम सांगितला. सगळे फोन ह्यात. आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, अंधार पडेस्तवर, मग फोन. कबूल का, असंही त्यानं विचारलं. पहिला फोन झुलेखाक्कानं टाकला, मग सगळ्यांनी टाकले. पोतं काजूच्या झाडाखाली ठेवलं, आणि ते तिथं आपलं आपण वाजत, थरथरत बसलं.

दिवस मावळला. खजूर खाऊन, पाणी पिऊन, नमाज पढून सगळी माणसं एका ओळीत उभी राहिली, बायकापुरुष, मावळतीकडं माना उंच करून. पण पलीकडच्या डोंगरावर कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता, त्याचा धूर, आणि समुद्राकडून आलेले पातळ ढग. एकाला दिसला, तो विमानाचा दिवा निघाला. दुसऱ्याला दिसला, तो त्याच्याच चष्म्यावरचा ओरखडा. अंधार पडला. चांद नाही.

मग पोतं उघडलं. अपेक्षेप्रमाणं किनाऱ्याचे फोन सांगत होते, दिसला. घाटावरचे सांगत होते, नाही दिसला. सात वर्षांचं भांडण सड्यावर पुन्हा उभं राहणार असं वाटलं. मकतुमसाबला अमीर व्हायला फार मजा आली होती. आता अमीर असायचं होतं. त्यानं हाफिजसाहेबांना विचारलं की दुसऱ्यानं बघितलेला चांद धरायचा की नाही. हाफिजसाहेब म्हणाले, ह्यावर विद्वानांचे मतभेद आहेत, पण माणूस खरा हवा. फोनवर विश्वास ठेवायचा नसतो, माणसावर ठेवायचा असतो.

मकतुमसाबनं हाच धागा उचलला. त्यानं सगळ्यांकडं बघून विचारलं की किनाऱ्यावर असं कोण आहे, ज्याचा शब्द एकोणीसच्या एकोणीस घरं मानतील.

पहिला बोलला तो काशीमसाब.

"सत्तारची आई," तो म्हणाला. "तिला लावा."

सत्तारभाईचं तोंड उघडंच राहिलं. सात वर्षांत काशीमसाबनं त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. मग काशीमसाबनं सगळ्यांना सांगितलं, खाली बघत, सुतळीसारखं एकेक वाक्य ओढत. एकोणीस वर्षांचा असताना तो किनाऱ्यावर माजाळीला सत्तारच्या बापाच्या शिंप्याच्या दुकानात काम शिकला होता. तीन वर्षं खतीजाबीच्या हातचं जेवला होता. एकदा इस्त्रीनं एका गिऱ्हाइकाचा कोट जाळला आणि तिच्या मागं लपून बसला. तिनं सांगावं की पोरगा घरी नाही, एवढीच आशा. गिऱ्हाइकानं विचारल्यावर खतीजाबी म्हणाली, माझ्या मागं हाय. त्या दिवशी त्यानं मार खाल्ला, आणि रात्री तिनंच हळद लावली.

"मला वाचवायला ती खोटं बोलली न्हाई," काशीमसाब म्हणाला. "ईदीसाटी कशाला बोलंल?"

सत्तारभाईनं फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ब्याऐंशी वर्षांच्या खतीजाबीनं पहिल्यांदा विचारलं की रोजा सोडला का. दुसऱ्यांदा विचारलं की आजूबाजूला एवढी माणसं का श्वास घेताहेत. काशीमसाब पुढं झाला. आपलं नाव सांगितलं. तिकडून तिनं त्याला अशी काही शिवी दिली की बायकांनी पदर तोंडाला लावले. सात वर्षं आला नाहीस, म्हणाली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आम्मा, चांद दिसला का? तुमी सोता बगितला?"

"दारात बसले व्हते. समुंदरावर दिसला. कापलेल्या नखावानी. सगळ्यांच्या आदी मीच बगितला."

"तुमच्या डोळ्यानं?"

"गेल्या सालात दोनी डोळ्यांचं आपरेसन करून घेतलं. आता तुजी वाकडी शिवणबी दिसंल."

सड्यावर हशा पिकला. काशीमसाब हसत होता आणि डोळे पुसत होता. मकतुमसाबनं एकेकाला नावानं विचारलं, पुरुषांना, मग बायकांना, झुलेखाक्काला, हाफिजसाहेबांना. कुणी नाही म्हणालं नाही. तेव्हा त्यानं छाती भरून हवा घेतली आणि सांगितलं, "उद्या ईद."

सत्तारभाईनं काशीमसाबला मिठी मारली. काशीमसाबनं मारू दिली. वासूनं जीपचा हॉर्न इतका लांब वाजवला की खालच्या रानातली माकडं ओरडायला लागली. एका म्हाताऱ्यानं मकतुमसाबला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, दोघंही गवतात बसले. मकतुमसाबला वाटलं, आता पन्नास देश म्हणजे काय, वाटेवरच आहेत.

तेवढ्यात काशीमसाबचा चेहरा पडला. दोन्ही हात डोक्यावर ठेवून तो मटकन दगडावर बसला. सगळे भोवती जमले. काय झालं विचारलं तर त्यानं फक्त बोटं वर केली, पुन्हा खाली केली, पुन्हा वर केली. घाटाच्या हिशोबानं ईद एक दिवस पुढं आहे असं धरून तो चालला होता. एकतीस कपडे त्याच्या दुकानात अर्धे कापलेले, अर्धे टाचलेले पडले होते. पूर्ण एकच कुडता होता.

ह्यावर रडावं की हसावं हे कुणाला कळेना, म्हणून सगळे हसले. सड्यावरून उतरताना जीपमध्येच कामाची वाटणी झाली. ज्याला सुईत दोरा ओवता येतो तो काशीमसाबकडं, बाकीचे शेवया भाजायला. मकतुमसाबला गादीचा मोठा टाका येत होता, तो कुडत्याच्या बाजूच्या कळीला घातला. सत्तारभाईला जाळं विणायची गाठ येत होती. त्यानं खालचे काठ त्याच गाठीनं मारले, आणि त्या गाठी पुढं कात्रीशिवाय सुटल्या नाहीत. तो आणि काशीमसाब मशीनच्या दोन बाजूंना बसून एकमेकांच्या शिवणीला नावं ठेवत होते, आणि सात वर्षांत दोघांनाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

सकाळी ईदची नमाज मशिदीमागच्या पटांगणात झाली. एकोणीस घरं एका वेळी तिथं सात वर्षांत पहिल्यांदाच उभी होती, त्यामुळं जागा कमी पडली, आणि जागा कमी पडल्याचा सगळ्यांना फार अभिमान वाटला. कपड्यांचं मात्र काही विचारू नका. कुणाच्या कुडत्याला एकच बाही, कुणाच्या गळ्याला टाचण्या, कुणाच्या पाठीवर खडूची रेघ. म्हाताऱ्या दस्तगीरचाचांना नुसती पाठ आणि पोट मिळालं होतं, बाजू दोऱ्यानं बांधल्या होत्या. सिजद्याला वाकताना टरटर असा आवाज मागच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत आला. हाफिजसाहेबांनी नमाज पुरी केली, पण नंतरचं प्रवचन, खुत्बा, देताना दोनदा त्यांना थांबून खोकावं लागलं.

गळाभेटी सुरू होणार एवढ्यात बायकांच्या पडद्यापलीकडून झुलेखाक्काचा आवाज आला. तिला एक जाब विचारायचा होता. सगळ्या जमातीचे कपडे अर्धे आहेत, तर अमीरसाहेबांच्या कुडत्याला दोन्ही बाह्या, कॉलर आणि पाच बटणं कशी?

सगळ्यांनी मकतुमसाबच्या कुडत्याकडं बघितलं. त्यानंही बघितलं, आणि त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. हाफिजसाहेब त्याच्या कानाशी वाकून म्हणाले की घाबरू नका, पूर्वी खलिफांनासुद्धा भर मशिदीत अंगावरच्या कापडाचा जाब विचारला गेलाय आणि त्यांनी उत्तर दिलंय. मकतुमसाबनं काशीमसाबला विचारलं. काशीमसाबनं मान खाली घालून सांगितलं की बहिणीनं दम दिला होता, ह्यांचा आधी शीव. पडद्यापलीकडून हुसेनबी म्हणाली, "व्हय, दिला व्हता. अमीर फाटका दिसाया नको म्हणून."

"चूक झाली," मकतुमसाब म्हणाला. त्यानं तिथंच कुडता उतरवला, दस्तगीरचाचांच्या अंगात घातला, त्यांची बटणंसुद्धा लावली. मग बनियनवर धावत शेडकडं गेला आणि खुंटीवर होता तो सदरा चढवून आला. तो होता रोजच्या कामाचा. आणि आता गळाभेटी सुरू झाल्या. एकोणीस घरांतला प्रत्येक पुरुष अमीराला तीन तीनदा भेटला, आणि जो भेटला तो छातीपासून गुडघ्यापर्यंत पांढरा झाला. ते पुढं दुसऱ्यांना भेटले, मग दुसरे पांढरे झाले. अर्ध्या तासात कुणाचा कुडता अर्धा, कुणाचा पुरा, काही ओळखू येईना. कारवारचा कोण आणि धारवाडचा कोण तेही. वासू आणि त्याची बायको पुतळी शीरखुर्म्याला आली तर तिनं दारातच विचारलं की ह्या सगळ्यांना झालंय काय.

बातमी मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर जावी तशी बसनं रामनगरपर्यंत पोचली. पावसाळा सरला आणि एका शुक्रवारी तिकडून चौघं जण मकतुमसाबच्या शेडमध्ये आले. त्यांच्याकडंही दोन ईदी होत्या. एकदा तर अडीच झाल्या होत्या, ती अर्धी कशी ते त्यांनी सांगितलं पण मकतुमसाबला उमगलं नाही. त्यांना जोयड्याच्या अमीराखाली यायचं होतं.

मकतुमसाबनं मशीन बंद केलं. आपल्या राज्याची हद्द अशी एकदम वीस-पंचवीस मैलांनी वाढणार हे ऐकून तो कापसाच्या गाठीवरच बसला. त्यानं चहा मागवला आणि सांगितलं की माझ्याखाली कुणी यायचं नाही. तुमचा माणूस तुम्ही निवडा, बायकांना विचारून निवडा, आणि मग या, आपण शेजारी बसून ठरवू. माझी मुदतही संपत आलीय; पुढच्या वर्षी झुलेखाक्का उभी राहणार म्हणते, आणि माझी बायकोसुद्धा तिलाच मत देणार आहे.

ते गेले. आणि पंधरवड्यानं रविवारी सकाळी कचेरीच्या उतारावरून रामनगरचा एक टेम्पो खाली आला. त्यात तीसेक माणसं उभी होती, बायका पुढं बसलेल्या. अमीर कोण ह्यावरून त्यांचं वाटेतच भांडण पेटलं होतं, ते टेम्पो थांबायच्या आधीच सगळ्या बाजारपेठेला ऐकू येत होतं. सत्तारभाई दुकान तसंच टाकून बघायला आला. काशीमसाब गळ्यात टेप घेऊनच आला. हुसेनबीनं माणसं मोजली आणि तांदूळ किती घालू ते विचारलं.

मकतुमसाब हसत सुटला होता. त्यानं शेडचं दार दोन्ही बाजूंनी सताड उघडलं, नव्या गाद्यांची थप्पी खाली ओढली आणि एकेक करून अंथरायला लागला.